गॉगल लावला की शेजारी माणूस हवा

एफपीव्ही गॉगल लावून ड्रोन उडवणारा स्वतः वाळूत उभा असतो, पण त्याची नजर क्वाडच्या, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनच्या, नाकावरच्या कॅमेऱ्यात बसलेली असते. चित्र पोहोचायला सेकंदाचे काही शतांशच लागतात, म्हणून सुरूच्या दोन खोडांमधून नेमके वळण घेता येते. काशीद, नागाव, दिवेआगरच्या लांबलचक पुळणी पाहून या छंदाच्या माणसाचे हात शिवशिवले तर नवल नाही. माझे म्हणणे एवढेच की हे काम एकट्याचे नव्हे. शेजारी मोकळ्या डोळ्यांचा सोबती असणे नियमानेच सक्तीचे करावे.

माणसाच्या दोन डोळ्यांना मिळून आडवा सुमारे २०० अंशांचा पट्टा दिसतो. बहुतेक गॉगलांतले चित्र ३० ते ५० अंशांत संपते. कॅमेऱ्याचे भिंग बरेच रुंद पाहते खरे, पण ते सारे या चौकटीत दाबून बसवलेले असते, त्यामुळे समोरची वस्तू असते त्याहून लांब भासते. एकाच भिंगाच्या चित्राला खोलीही नसते. बाजूने झेपावणारी घार त्यात येत नाही, आणि पॅरासेलिंगचा ताणलेला दोर चौकटीत असूनही दिसेलच असे नाही. दुसरा धोका लहरींचा. चित्र बहुधा ५.८ गिगाहर्ट्झवर येते, आणि या लहरींना दगडी तट किंवा दाट झाडी आड आली की त्या क्षीण होतात. जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीत आधी मुंग्या येतात, म्हणजे इशारा तरी मिळतो. डिजिटल चित्र बराच वेळ स्वच्छ राहते आणि मग एकाएकी गोठते. त्या क्षणी ड्रोन पाण्यावर आहे की माणसांवर, हे सांगू शकेल तो फक्त शेजारी उभा असलेला.

अमेरिकेत आणि युरोपात गॉगल लावून उडवणाऱ्याजवळ असा निरीक्षक लागतोच. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी छंदिष्टांना मोठी मोकळीक दिली: हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी नको, २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र नको. मात्र त्याच नियमांत मनोरंजनासाठीच्या मॉडेल विमानाची व्याख्या करताना ते नजरेच्या टप्प्यात उडवलेले असावे, अशी अट आहे. गॉगल चढवलेल्या माणसाची नजर ती अट कशी पाळणार? ती सोबत्याचीच नजर पाळू शकते.

यावर छंदिष्ट म्हणतील, पाच इंची पंख्यांचे क्वाड दोन-तीनशे मीटरवर कोणालाच दिसत नाही, मग सोबती काय पाहणार? तर मग तेवढ्याच अंतरात उडवावे. शिवाय सोबत्याने आकाश, होड्या आणि पुळणीवरची पोरेही पाहायची आहेत. नॅनो ड्रोन निरुपद्रवी असतो, हेही पटत नाही. ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या २५० ग्रॅमच्या ड्रोनमध्ये ताशी १२० किलोमीटरच्या क्रिकेट चेंडूपेक्षा थोडी जास्तच ऊर्जा असते, आणि त्याला फिरती पाती असतात.

उलट बाजूने, बंदीच घाला, असे म्हणणाऱ्यांची घातपाताची भीती मी हलकी मानत नाही. १९९३च्या मुंबईतल्या स्फोटांतले आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरले होते. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एके-४७ रायफली असलेली बेवारस बोट सापडली; घातपाताचा संबंध निघाला नाही, तरी किनारा हादरला. पण धोका असेल तिथे ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल, म्हणजे उड्डाणबंदीचे, क्षेत्र जाहीर करण्याचा अधिकार नियमांनी दिलेलाच आहे. सरसकट बंदीने घातपाती थांबणार नाही. नियम पाळणारा तेवढा घरी बसेल. उलट सोबती असला की चौकशीला आलेल्या पोलिसाशी बोलायलाही कोणीतरी असते.

म्हणून गॉगल घेण्याआधी सोबती ठरवा, आणि तो शक्यतो गावातलाच असू द्या. खारा वारा केव्हा जोर धरतो, भरती कुठवर चढते, होड्या कोणत्या बाजूने परततात, हे कोळीवाड्यातल्या माणसाला विचारा, आणि त्याने ‘उतरव’ म्हटले की लगेच उतरवा.