खासदारकीनंतरची मोठी कारकीर्द

आपल्याकडे पुढारी साखर कारखान्यातून विधानसभेत जातो. न्यूझीलंडच्या सर जॅक अ‍ॅकलंड (1904–1981) यांची वाट उलटी होती. साउथ कँटरबरीतल्या माउंट पील इथे आजोबांनी वसवलेल्या विस्तीर्ण कुरणांवर मेंढ्या पाळणारे अ‍ॅकलंड 1942 मध्ये नॅशनल पक्षातर्फे टेमुकामधून संसदेत गेले. ती कारकीर्द 1946 मध्ये संपली. न्यूझीलंड लोकर मंडळाचे अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे 1960 ते 1972 अशी बारा वर्षे राहिले, आणि त्यांचे खरे राजकारण तिथेच झाले असे मला वाटते. मेंढपाळ लोकर लिलावात आणतो, पण बोली लावतो खरेदीदार. एकट्याने भाव राखणे त्याला जमत नाही आणि परदेशातल्या गिऱ्हाइकापर्यंत तो पोचतही नाही. शिवाय लोकरीशी स्पर्धा करणाऱ्या नायलॉन आणि पॉलिएस्टरमागे बड्या रसायन कंपन्यांचा पैसा होता. त्यांच्यासमोर टिकायचे तर प्रत्येकाच्या लोकरीवर थोडी पट्टी बसवून संशोधन आणि जाहिरात एकत्रच करायला हवी होती. हेच काम करणाऱ्या, 1937 पासूनच्या आंतरराष्ट्रीय लोकर सचिवालयात न्यूझीलंड भागीदार होते. त्याच सचिवालयाने 1964 मध्ये शुद्ध नव्या लोकरीची ओळख म्हणून वूलमार्क हे चिन्ह आणले.

यावर पहिला आक्षेप असा, की संघटना असूनही भाव कोसळलेच. 1966 च्या अखेरीस संकरित मेंढ्यांच्या जाड लोकरीचे दर गडगडले, तेव्हा मंडळाहून वेगळ्या, किमान भाव राखणाऱ्या लोकर आयोगाला आधारभूत दराने लाखो गाठी घ्याव्या लागल्या. पुढे तो दरही उतरवावा लागला. पण आयोगाचे काम तात्पुरती घसरण सावरण्याचे होते. जाड लोकर वापरणाऱ्या गालिच्यांच्या बाजारात कृत्रिम धागा कायमचा घुसला, की गोदाम भरून तो बाहेर निघत नाही. म्हणून या घटनेतून आधारभूत दराची मर्यादा दिसते. नवे गिऱ्हाईक शोधणाऱ्या मंडळाची गरज उलट वाढते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: एवढ्या मोठ्या रानाचा मालक लहान मेंढपाळाचे दुःख काय जाणणार? जास्त लोकर विकणारा पट्टीही जास्त भरतो, एवढे उत्तर इथे पुरत नाही, कारण पैसा सक्तीने घेतला की त्याचा हिशेबही मागितला जाणारच. तरीही पट्टी नको म्हणणाऱ्यांकडे पर्याय एकच उरतो: प्रत्येकाने आपापल्या गाठी घेऊन रसायन कंपन्यांशी एकट्याने झुंजायचे. त्या झुंजीत लहान मेंढपाळच आधी बुडाला असता. म्हणून मंडळावर अंकुश हवा हे मान्य करूनही मंडळ हवेच, असे म्हणावे लागते.