विश्लेषण : क्षार काढणाऱ्या आम्लातून बॉयलरच्या नळ्या कशा वाचतात?

बॉयलरमध्ये साचलेले क्षार काढण्यासाठी नळ्यांतून आम्ल फिरवले जाते. पण आम्ल पोलादही खाते. तरीही नळ्या वाचतात त्या ‘इनहिबिटर’ म्हणजेच गंजरोधक रसायनामुळे. मात्र या संरक्षणाला मर्यादा आहेत.

आम्ल का वापरावे लागते?

क्षारयुक्त पाणी तापले की नळ्यांना आतून कॅल्शियम कार्बोनेटचा थर चढतो. हा थर उष्णता अडवतो. त्यामुळे इंधन जास्त लागते, शिवाय नळी प्रमाणाबाहेर तापून फुटण्याचा धोका असतो. साधारण ५ टक्के तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल हा थर विरघळवते. पण थर निघताच उघड्या पोलादावरही आम्लाची क्रिया सुरू होते आणि हायड्रोजन वायू सुटतो.

इनहिबिटर नेमके काय करतो?

हेक्झामाइन, थायोयुरिया यांसारख्या रसायनांच्या रेणूंत नायट्रोजन किंवा गंधक असते. त्याच्या आधारे हे रेणू धातूला चिकटतात आणि अतिशय पातळ आवरण तयार होते. त्यामुळे धातू झिजण्याचा वेग खूप कमी होतो, क्षार मात्र विरघळत राहतात. यासाठी एक टक्क्याहूनही कमी मात्रा पुरते.

ही कल्पना किती जुनी?

१८७२ मध्ये मारांगोनी आणि स्टेफानेली यांनी आम्लातील लोखंड वाचवण्यासाठी सरस, जिलेटिन आणि कोंड्याचा अर्क वापरला. १८९५ मध्ये बाल्डविन यांच्या ब्रिटिश पेटंटमध्ये पोलादी पत्रे आम्लात साफ करताना चक्क मळी आणि वनस्पती तेल वापरण्याची पद्धत होती.

संरक्षण कुठे तोकडे पडते?

तापमान वाढले की रेणूंची पकड सुटू लागते. जुना गंज विरघळून तयार होणारे फेरिक आयनही लोखंड खातात आणि त्यांना नेहमीचा इनहिबिटर फारसा रोखू शकत नाही. स्टेनलेस स्टीलला तर क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात. म्हणून तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल टाळून सल्फॅमिकसारखे आम्ल वापरतात.

कोणती काळजी घ्यावी लागते?

आम्ल नळ्यांत सोडण्यापूर्वीच त्यात इनहिबिटर मिसळलेला असावा लागतो. वजन केलेली पोलादी पट्टी द्रावणात ठेवतात. नंतर तिचे वजन किती घटले, यावरून झीज कळते. द्रावणातील लोहाचे प्रमाणही वेळोवेळी तपासतात. हायड्रोजन स्फोटक असल्याने वायू बाहेर जायला वाट हवी आणि जवळपास ठिणगी नको. शेवटी नळ्या पाण्याने धुऊन सोड्याच्या द्रावणाने उरलेले आम्ल निष्प्रभ करतात. नळी आतून झिजलेली बाहेरून दिसत नाही. म्हणूनच पैसे वाचवण्यासाठी इनहिबिटर न वापरता केलेली सफाई बॉयलरवर काम करणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते.