कोणतं कपाट, कोणती किल्ली?

सकाळी सहाच्या सुमारास गावातल्या दूध संकलन केंद्रावर तुम्ही कधी गेला असाल, तर तिथलं दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. किटल्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं, वजनकाटा, फॅट मोजणारं यंत्र आणि शेजारी एक संगणक, नाहीतर नुसता मोबाइल. लिटर, फॅट आणि एसएनएफ हे तीन आकडे भरले की पावती बाहेर येते. दर दहा दिवसांनी या आकड्यांचा हिशेब होतो आणि तेवढे पैसे उत्पादकाच्या खात्यावर जमा होतात. त्या घरचा किराणा आणि मुलांची फी या आकड्यांवरच चालते.

मी संगणक प्रणाली लिहिणारा माणूस. २०२१ साली आमचा गट अशाच एका दूध संकलनाच्या प्रणालीवर काम करत होता. तिथे एकदा एक अख्खा दिवस, सकाळचं आणि संध्याकाळचं मिळून, हिशेबातून नाहीसा झाला. दूध केंद्रावर पोचलं होतं, पावत्या निघाल्या होत्या, पडद्यावर ‘नोंद झाली’ ही हिरवी अक्षरंही उमटली होती. बिलात मात्र त्या दिवसापुढे शून्य! हे कसं झालं ते सांगायचं, तर आधी पडद्यामागे काय चालतं ते बघायला हवं.

आपण मोबाइलवर एखादी नोंद करतो, तेव्हा मोबाइल थेट माहितीच्या साठ्याला हात लावत नाही. मधे एक खिडकी असते. सरकारी कचेरीत आपण खिडकीवर अर्ज देतो, आतला कारकून योग्य त्या कपाटातून कागद काढतो किंवा नवा कागद आत ठेवतो, आणि उत्तर खिडकीतूनच बाहेर येतं. आपल्याला आतली कपाटं दिसत नाहीत, दिसण्याची गरजही नसते. संगणकाच्या जगात या खिडकीला एपीआय म्हणतात. पूर्वी ती कंपनीच्या स्वतःच्या यंत्रावर असे. आता बहुतेक जण ती क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या संगणक केंद्रांत भाड्याने घेतात. अ‍ॅमेझॉनने आपल्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ साली सुरू केला. आमची खिडकी तिथेच होती.

ती अ‍ॅपसिंक नावाच्या सेवेवर उभी होती. ही सेवा २०१८ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्या मुळाशी ग्राफक्यूएल ही प्रश्न विचारायची भाषा आहे. फेसबुकमध्ये २०१२ साली तिचा जन्म झाला आणि २०१५ साली ती सगळ्यांना वापरायला मिळाली. या भाषेची खुबी अशी, की मागणारा हवं तेवढंच मागतो आणि एकाच अर्जात मागतो. ‘या उत्पादकाचं नाव, कालचं दूध आणि आजचा दर द्या’ असं एका दमात सांगता येतं. नाव एका तक्त्यात असेल, दूध दुसऱ्या तक्त्यात आणि दर तिसऱ्याच संस्थेच्या यंत्रावर असेल. मागणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. खिडकीमागच्या कारकुनाला मात्र नेमकं ठाऊक हवं की कोणती गोष्ट कुठे आहे. हे ‘कुठे’ म्हणजेच डेटा सोर्स, माहितीचा स्रोत.

असा एक स्रोत मांडायचा, तर चार गोष्टी सांगाव्या लागतात.

पहिली गोष्ट नाव. कारकून स्रोताला या नावाने हाक मारतो. इंग्रजी अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढंच त्यात चालतं. मधे मोकळी जागा चालत नाही आणि सुरुवात अंकाने करता येत नाही.

दुसरी गोष्ट प्रकार. तो डायनॅमोडीबीचा तक्ता आहे, लॅम्डा म्हणजे मागणी आली की तेवढ्यापुरता चालणारा छोटा कार्यक्रम आहे, नेहमीचा रिलेशनल डेटाबेस आहे, की वेबवरचा दुसऱ्या कुणाचा पत्ता आहे? गंमत म्हणजे ‘काहीच नाही’ असाही एक प्रकार आहे. निरोप कुठेही न साठवता फक्त इकडून तिकडे पोचवायचा असेल, तेव्हा तो उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट पत्ता: कोणत्या विभागातला, कोणत्या नावाचा तक्ता.

आणि चौथी गोष्ट किल्ली. क्लाउडच्या भाषेत तिला रोल म्हणतात. कपाटाचा पत्ता ठाऊक असणं वेगळं आणि ते उघडण्याचा अधिकार असणं वेगळं. कारकून कोणत्या अधिकाराने कपाट उघडतो, त्याला फक्त वाचता येतं की लिहिताही येतं, आणि हेच कपाट उघडता येतं की सगळी दालनं, हे किल्लीवर ठरतं. चारांपैकी हिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. आमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

आता त्या दिवसाकडे वळतो. सुरुवातीच्या घाईत आम्ही हे सारं हाताने मांडलं होतं. क्लाउडचं व्यवस्थापनाचं पान उघडायचं, यादीतून तक्ता निवडायचा, बटण दाबायचं, झालं. आमच्याकडे दोन खिडक्या होत्या, एक खरी आणि एक चाचणीची. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसायच्या. एका रात्री अकराच्या पुढे आमच्यातला एक तरुण सहकारी काही तपासत बसला होता. चाचणीच्या खिडकीत आहोत असं समजून त्याने स्रोताचा तक्ता बदलला आणि चाचणीचा तक्ता निवडला. प्रत्यक्षात तो खऱ्या खिडकीत होता. दुसऱ्या रात्री काम संपलं म्हणून त्याने पहिला तक्ता पुन्हा जागेवर आणला. त्याच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं.

मधल्या काळात दोन वेळचं दूध नोंदलं गेलं, ते सगळं चाचणीच्या तक्त्यात. तो तक्ता रोज मध्यरात्री आपोआप रिकामा होत असे. बिलं काढणारा कार्यक्रम मूळ तक्ता थेट वाचत होता, त्यामुळे त्याला तो दिवस रिकामाच दिसला. आम्हाला हे कळलं बिलं निघाल्यावर. क्लाउडमध्ये कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद क्लाउडट्रेल नावाच्या वहीत राहते. ती उघडली तेव्हा स्रोत बदलल्याच्या दोन ओळी तिथे शांतपणे बसलेल्या होत्या.

सगळ्यांनी त्या मुलाकडे पाहिलं. मी पाहू शकलो नाही. कारण त्या स्रोताची किल्ली मी लिहिली होती. ‘सर्व तक्ते, सर्व अधिकार’ असा एक तारा घालून मी वेळ वाचवला होता. किल्ली फक्त दुधाच्या नोंदींच्या तक्त्याची असती, तर तक्ता बदलल्यावर पहिल्याच किटलीला केंद्रावर लाल अक्षरांत ‘परवानगी नाही’ असं आलं असतं. सहा वाजून पाच मिनिटांनी आमचे फोन वाजले असते. माझ्या मोठ्या किल्लीने चुकीचं कपाटही निमूट उघडलं, आणि म्हणून कुणालाच काही कळलं नाही.

तेव्हापासून आम्ही स्रोत हाताने मांडत नाही, कोडमध्ये लिहितो. त्यासाठी साधनं बरीच आहेत. अ‍ॅमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन २०११ सालचं, कुणाच्याही क्लाउडसाठी चालणारं टेराफॉर्म २०१४ सालचं, आणि नेहमीच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हेच लिहू देणारं सीडीके २०१९ साली पूर्ण स्वरूपात आलं. सगळ्यांमागची कल्पना एकच: काय हवं आहे ते फाइलमध्ये लिहा, उभारणी यंत्र करील.

याचा फायदा काय? लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं. आमच्याकडे स्रोताची एक ओळ बदलली, तरी दुसरा माणूस ती वाचून मान्यता देतो, मगच ती लागू होते. शिवाय खरी खिडकी आणि चाचणीची खिडकी एकाच फाइलमधून उभी राहते. फरक असतो तो बाहेरून दिलेल्या तक्त्याच्या नावापुरता. सीडीकेमध्ये तर तक्ता आणि स्रोत एकमेकांना जोडले की त्या एका तक्त्यापुरती किल्ली आपोआप तयार होते.

पण इथेही डोळे उघडे हवेत. ही आपोआप मिळणारी किल्ली वाचण्याची आणि लिहिण्याची अशी दुहेरी असते. स्रोत नुसता वाचायचा असेल, तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. आमची बिलं आणि अहवाल दाखवणारे स्रोत आता फक्त वाचू शकतात.

दुसरी खबरदारी गुपितांची. डेटाबेसचा पासवर्ड फाइलमध्ये लिहू नये. फाइल अनेकांच्या यंत्रांवर जाते आणि तिच्या जुन्या आवृत्त्याही जपल्या जातात. आज पुसलेला पासवर्ड मागच्या आवृत्तीत तसाच असतो. गुपित वेगळ्या तिजोरीत ठेवावं आणि कोडमध्ये फक्त तिजोरीचा पत्ता द्यावा.

तिसरी खबरदारी अशी, की कोड लिहिला म्हणजे हाताने बदल करण्याचा रस्ता बंद होत नाही. फाइलमध्ये एक आणि प्रत्यक्षात दुसरंच, असं होऊ शकतं. टेराफॉर्म काम करण्याआधी प्रत्यक्ष स्थिती पाहून फरक दाखवतं. क्लाउडफॉर्मेशन मुख्यतः जुनी फाइल आणि नवी फाइल यांची तुलना करतं, त्यामुळे मधे कुणी हाताने केलेला बदल त्याच्या नजरेतून निसटू शकतो. म्हणून खऱ्या खिडकीच्या व्यवस्थापनाच्या पानावर आता आम्हा सर्वांना, अगदी मलाही, फक्त पाहण्याची परवानगी आहे.

आणि शेवटची खबरदारी. यंत्र जे बदल करणार आहे त्याची यादी ते आधी दाखवतं. ती वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणू नये. काही गोष्टींचं नाव बदलणं म्हणजे जुनी वस्तू सोडून नवी उभारणं असतं. डायनॅमोडीबीच्या तक्त्याचं नाव फाइलमध्ये बदललं, तर क्लाउडफॉर्मेशन त्या नावाचा नवा तक्ता तयार करतं, आणि तो कोरा असतो.

राहता राहिला तो हरवलेला दिवस. तो परत मिळाला कागदामुळे. आम्ही केंद्रांवर जाऊन छापील पावत्या गोळा केल्या आणि एकेक नोंद पुन्हा भरली. एका केंद्रावर एक आजी पावत्यांचा डबाच घेऊन आल्या होत्या. त्यातली नेमकी पावती काढून माझ्यापुढे धरत त्यांनी विचारलं, “काय ओ साहेब, त्या दिशी आमच्या म्हशीनं काय उपास धरला व्हता का?” आसपासचे लोक हसले. मीही हसलो, पण मान वर करवली नाही. त्यांचे पैसे पुढच्या बिलात जमा झाले. ज्यांनी पावत्या फेकून दिल्या होत्या, त्यांच्यासाठी केंद्रचालकांनी आदल्या आणि पुढच्या दिवसाच्या सरासरीवर आकडे ठरवले. ते बरोबर होते की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

हल्ली नवा मुलगा कामाला आला, की मी त्याला पहिल्याच दिवशी स्रोतांची फाइल उघडून देतो आणि प्रत्येक स्रोतापुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगतो: कपाट कोणतं आणि किल्ली किती मोठी? एखाद्या ओळीत तो तारा दिसला, की त्याने मला येऊन विचारायचं. मागच्या वर्षी एकाने खरोखरच येऊन विचारलं. तो ताराही माझाच होता.