काम काय करता?

अण्णांचे पोट दुखायला लागले ते 2007 च्या पावसाळ्यात. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. बॅटरीच्या कारखान्यात बारा वर्षे भट्टीवर होते. शिसे वितळवायचे आणि साच्यात ओतून बॅटरीच्या जाळ्या काढायच्या, हे त्यांचे काम. कळ आली की माणूस पोटाशी गुडघे घेऊन पडायचा. वहिनी ओवा-हिंग द्यायच्या. कोणी पित्त म्हणाले, कोणी बद्धकोष्ठ, कोणी अपेंडिक्सची शंका काढली. वर्षभरात तीन डॉक्टर झाले. सगळ्यांनी विचारले, काय खाता, तंबाखू आहे का, दारू घेता का?

चौथ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र ओठ बाजूला करून हिरड्या पाहिल्या. कडेला निळसर रेघ होती. त्यांनी विचारले, "काम काय करता?"

बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला त्याचा धंदा विचारलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. तीनशे वर्षांनंतर तो एक प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचायला एक वर्ष लागले. रक्तातले शिसे नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. ती चाचणी मुद्दाम सांगावी लागते.

शिसे धुराबरोबर आणि धुळीबरोबर श्वासातून जाते, न धुतलेल्या हातांनी जेवणातूनही जाते. रक्त कमी होते, सांधे दुखतात, चिडचिड वाढते, मूत्रपिंडांना इजा होते. फार वाढले तर मनगट लुळे पडते. हाडांत ते वर्षानुवर्षे साठून राहते. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही. कारखान्यात रोज गुळाचा खडा मिळायचा आणि आम्हाला वाटायचे, गूळ खाल्ला की सगळे धुऊन जाते. गुळाने शिसे जात नाही. औषधे आहेत, पण पहिला उपचार म्हणजे माणसाला त्या कामावरून हलवणे.

डॉक्टरीणबाईंचा पुढचा प्रश्न वहिनींना होता. "यांचे कपडे कुठे धुता?" वहिनी गप्प झाल्या. अण्णांचे आणि मुलांचे कपडे एकाच बादलीत भिजायचे. शिसे सर्वांत जास्त घात करते तो लहान मुलांच्या मेंदूचा, आणि त्याची सुरक्षित पातळी अशी नाहीच, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन्ही मुलांचे रक्त तपासायला दिले. अहवाल येईपर्यंत त्या घरात कोणी नीट जेवले नाही. मुले थोडक्यात वाचली.

कारखान्याचे उत्तर ठरलेले होते, "आमच्याकडे असा आजार कुणाला नाही." पण बिस्किटांच्या डब्यात वहिनींनी पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचे कार्ड, सगळे जपून ठेवले होते. त्या कागदांवर अण्णा वैद्यकीय मंडळापुढे उभे राहिले आणि दरमहा अपंगत्वाची रक्कम सुरू झाली. रक्कम मोठी नाही. पण आजार कामामुळे झाला, हे कागदावर आले.

कायदा अशा वेळी कामगाराच्या बाजूने बराच आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. 1923 चा भरपाईचा आणि 1948 चा ईएसआयचा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत, तर कारखाने कायदा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा व आरोग्य संहितेत. शिशाची विषबाधा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. ती आढळली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने सरकारला कळवायचे असते. यादीतला आजार असेल आणि त्या कामात ठरावीक काळ गेला असेल, तर तो कामामुळेच झाला असे धरून चालतात. तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे. ईएसआय असेल तर लाभ तिथून; नसेल तर मालकाकडून भरपाई. दोन्ही एकदम मिळत नाहीत. दाव्याला मुदत असते. उशीर करू नये. झालाच तर खचूही नये, कारण सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे.

म्हणून घराघरात एक वही असावी. कुठे, कोणत्या खात्यात, कोणत्या सालापासून काम केले, कोणते रसायन हाताळले, बरोबर कोण होते, ते तिच्यात लिहावे. पगाराची चिठ्ठी आणि तपासणीचे कागद तिच्यातच ठेवावेत. आजार कधी कधी नोकरी सुटल्यावर दार ठोठावतो आणि तोवर सोबती पांगलेले असतात. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी काम काय ते आपणच सांगावे.

पुढे पुतण्या रंगकामाच्या वर्कशॉपमध्ये लागला. पेढे घेऊन आला तेव्हा वहिनींनी पगार विचारला नाही. म्हणाल्या, "रंगाच्या डब्यावर काय लिहिलंय ते वहीत उतरवून आण. आणि कपडे तिथेच बदलून घरी ये."