घोडमाशी आणि जनावरांतील सर्रा रोग

पावसाळ्यात पूर्णा, कयाधू व पैनगंगा या नद्यांच्या काठी चरणारी जनावरे भर उन्हात एकाएकी शेपटी झोडपू लागतात, पाय आपटतात आणि चरणे सोडून सावलीकडे धाव घेतात. पुष्कळदा याचे कारण घोडमाशी हे असते. ही माशी घरमाशीहून बरीच मोठी व बळकट असून तिचे डोळे चकचकीत असतात.

जीवनक्रम

मादी पाण्यावर किंवा चिखलावर झुकलेल्या पानांवर शेकडो अंडी एका पुंजक्यात घालते. सुमारे आठवड्याभरात अंडी फुटून अळ्या खालच्या चिखलात पडतात. तेथे इतर किडींच्या अळ्या व गांडुळे खाऊन त्या वाढतात. ही अवस्था कित्येक महिने टिकू शकते. वाढ पूर्ण झाली म्हणजे अळी काठावरील कोरडसर मातीत कोषात जाते व एक ते तीन आठवड्यांनी माशी बाहेर पडते. ओढ्यांचे काठ, तळी व कालव्यालगतच्या पाझराच्या जागा या माशीस विशेष मानवतात.

दंश व रोगप्रसार

नर फुलांतील रसावर जगतो. मादीस मात्र अंडी पोसण्यासाठी रक्त लागते. ती सुरीसारख्या मुखांगांनी कातडी चिरते व वाहणारे रक्त चाटते. हा दंश फार वेदना देतो, म्हणून जनावर तिला हुसकावते. अर्धपोटी माशी लागलीच शेजारच्या जनावरावर बसते आणि तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तातून सर्रा रोगाचे परजीवी तेथे पोचविते. हे परजीवी माशीच्या अंगात वाढत नाहीत. थोड्याच वेळात मरतात. यास्तव खरा धोका आजारी जनावराच्या निकट बांधलेल्या जनावरासच अधिक असतो.

हे परजीवी १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माइल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात शोधून काढले. घोड्यास व उंटास हा रोग बहुधा प्राणघातक ठरतो. गाईम्हशींत तो अनेकदा सुप्त राहतो. वरून धडधाकट दिसणारी म्हैसही धनगरांच्या तट्टास रोग देऊ शकते, ती यामुळेच. उलटसुलट येणारा ताप, अशक्तता, दूध घटणे, गर्भपात व गोल फिरणे ही लक्षणे होत.

उपाय

१. जनावरे सकाळी लवकर व सायंकाळी चारावीत. भर दुपारी ती गोठ्यात ठेवावीत. ही माशी उन्हात फिरणारी असून अंधाऱ्या गोठ्यात सहसा शिरत नाही.

२. गोठ्याजवळची डबकी बुजवावीत, पाझरणारे पाट दुरुस्त करावेत. नदीओढ्यात विषारी औषध टाकू नये. त्याने मासळी मरते व पाणी बिघडते.

३. ताप आलेले जनावर कळपापासून निदान ५० मीटर दूर बांधावे. औषध देण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याचे रक्त तपासून घ्यावे.

४. एका जनावरास वापरलेली सुई दुसऱ्यास वापरू नये. माशीप्रमाणे सुईदेखील रोग पसरविते.

नदीकाठची प्रत्येक माशी मारणे कोणास शक्य नाही. परंतु आजारी जनावर वेळीच वेगळे केल्यास माशीने रोग नेण्याची वाट तुटते. ग्रामसेवकांनी ही गोष्ट पावसाळ्यापूर्वीच प्रत्येक पशुपालकास समजावून द्यावी.