समवयस्कांचा दबाव आणि सामूहिक खेळ

तरुणाच्या हाती तंबाखूची पहिली पुडी बहुधा शत्रू देत नाही. ती मित्रच देतो. "एवढ्याने काय होते?" या एका प्रश्नापुढे सारा उपदेश निष्प्रभ ठरतो. दुष्परिणाम तरुणांना ठाऊक असतात. परंतु मंडळीतून वेगळे पडण्याचे भय त्या ज्ञानाहून प्रबळ असते. हे भय व्याख्यानाने उमगत नाही. म्हणून या विषयाचा आरंभ सामूहिक खेळाने करावा, असे आम्ही सुचवितो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना रेषांची लांबी ओळखण्याचे सोपे काम दिले होते. गटातील इतर सर्वजण पूर्वसंकेतानुसार मधूनमधून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी निदान एकदा त्या चुकीस होकार दिला. मात्र गटातील एकानेही बरोबर उत्तर दिले की, अशा चुका सुमारे एक-चतुर्थांशावर येत.

हाच प्रयोग अंगणात धावत्या खेळाच्या रूपाने करता येतो. वीस जणांचा गट असल्यास अंगणाच्या दोन टोकांना किंचित कमी-अधिक लांबीच्या दोऱ्या ताणाव्यात. शिटी वाजताच लांब दोरीकडे धावायचे. सहा जणांना मात्र आखूड दोरीकडे धावण्यास आधीच सांगून ठेवावे. दुसऱ्या फेरीत दोऱ्यांची अदलाबदल करावी आणि त्या सहांपैकी एकाला योग्य दिशेने धावण्यास सांगावे.

खेळ संपताच सर्वांनी वर्तुळात बसावे व प्रथम संकेत उघड करावा. मग विचारावे : पाय कोठे अडखळले? कोणाकडे पाहिले? एकजण योग्य दिशेने धावताना दिसल्यावर काय वाटले? नाव घेऊन कोणाची चूक दाखवू नये. व्यसनाची कबुली मागू नये. त्यानंतरच चर्चा पुडीकडे, परीक्षेतील नकलेकडे, दुबळ्याच्या टवाळीकडे न्यावी.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात दुष्कृत्यालाही होकार देणाऱ्यास मित्राच्या रूपातील शत्रू म्हटले आहे. एकट्याने नकार देण्याचे धैर्य प्रत्येकात सारखे नसते. परंतु नकार देणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहणे पुष्कळांना साधण्याजोगे आहे. दुसरा नकार पहिल्याचे एकाकीपण संपवितो. तरुणांना खेळातून नेमके हेच शिकावयाचे आहे.