पोपटाच्या पिल्लाचं उष्टावण



आपल्याकडे मूल साधारण सहा महिन्यांचं झालं की त्याचं उष्टावण करतात. मामा मांडीवर घेतो, खिरीचं बोट चाटवतो, घरात गोडधोड होतं. आता आम्ही तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. उष्टावण झालं म्हणून त्या दिवसापासून कोणी आईचं दूध बंद करतं का? नाही करत. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की, सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करा आणि दूध दोन वर्षांपर्यंत, जमलं तर त्याहून पुढेही चालू ठेवा. म्हणजे नवं आधी येतं आणि जुनं मागाहून, आपल्या गतीनं सुटतं. आजचं आमचं सगळं व्याख्यान या एका वाक्याचा विस्तार आहे, फक्त मुलाच्या जागी पोपटाचं पिल्लू आहे.

पोपट म्हटल्यावर पहिल्यांदा कायद्याचं बोलून घेऊ. केदारखेड्याच्या परिसरात लिंबाच्या, वडाच्या ढोलीत जो हिरवा राघू घर करतो, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. तो पिंजऱ्यात ठेवणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. डोंगराकडचा मोठा पहाडी पोपट आणि लालसर डोक्याचा तुईया यांनाही तेच लागू. घरात पाळतात ते परदेशी वंशाचे पक्षी, मुख्यतः कॉकटेल आणि बजरीगर. हे दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पण इथे पिंजऱ्यातच पैदास झालेले. मकाव किंवा आफ्रिकन ग्रेसारखा पक्षी असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे शासनाकडे नोंदणी करावी लागते. आज आम्ही बोलणार आहोत ते कॉकटेलच्या पिल्लाबद्दल, कारण चमच्यानं किंवा सिरिंजनं भरवून वाढवायचं पिल्लू म्हणून तेच जास्त घरांत येतं.

आता कोंबडीचं पिल्लू आठवा. अंड्यातून निघतं, पिसं वाळली की पायावर उभं राहतं, पहिल्याच दिवशी दाणा टिपतं. पोपटाचं तसं नाही. ते आंधळं आणि दुबळं जन्मतं. आई-बाप अर्धवट पचलेलं अन्न गळ्यातून वर काढून त्याच्या चोचीत घालतात. कॉकटेलचं पिल्लू पाच आठवड्यांच्या सुमारास उडायला लागतं आणि पुरतं स्वतःच्या चोचीवर यायला सहा ते दहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. दाणा चोचीत फिरवायचा, टरफल फोडायचं, आतला गर ठेवून टरफल टाकायचं, हे कसब आहे बरं का. ते पोटातून येत नाही, सरावानं येतं.

इथेच एक घातक समजूत आडवी येते. लोक म्हणतात, ‘भूक लागली की आपोआप खाईल, भरवणं बंद करा.’ पूर्वी काही घरांत मुलाचं दूध तोडायला आई अंगाला कडुनिंब लावी, तोच हा विचार. पण विचार करा, नवीन गोष्ट चाखून पाहायला काय लागतं? निवांतपणा लागतो. पोट भरलेलं पिल्लू खेळता खेळता मक्याचा दाणा उचलतं, फोडतं, टाकतं, पुन्हा उचलतं. उपाशी पिल्लू यातलं काही करत नाही. ते माणसाकडे तोंड करून मान हलवत ओरडत राहतं, कारण अन्न येण्याची एकच जागा त्याला ठाऊक आहे. समोर वाटीभर दाणे असूनही ते रोडावतं.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त आहे. पारध्यानं टांगलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भारानं नळी फिरते, तो उलटा होतो आणि घाबरून नळी आणखी घट्ट धरतो. पाय मोकळे असतात, पंख शाबूत असतात, तरी सुटत नाही. माउलींनी हे मनुष्याच्या अहंकाराबद्दल सांगितलं. आम्हाला त्यातली एक गोष्ट इथे महत्त्वाची वाटते. ती पकड भीतीनं घट्ट होते. पिल्लाची उपासमार केली की त्याचीही माणसावरची पकड तशीच घट्ट होते. भरवसा असेल तर ती सैल पडते.

मग करायचं काय? पिल्लाला पिसं आली आणि ते इकडेतिकडे चोच मारू लागलं, की भरवणं चालू ठेवूनच समोर उथळ ताटलीत अन्न मांडायचं. मऊ शिजवलेला बिनमिठाचा भात, उकडलेलं मक्याचं कणीस, ताजे मोड आलेले मूग, किसलेलं गाजर, पालक, कोथिंबीर. सोबत राळ्याचं कणीस टांगा. दुकानात ‘मिलेट स्प्रे’ म्हणून महाग विकतात, ते बहुधा आपलं राळंच असतं. बाजरीचं कणीसही चालतं. मोडांना वास आला तर फेकून द्या. ओलं अन्न उन्हाळ्यात दोन तासांच्या वर ठेवू नका. आपण ताटलीत बोटानं टकटक करावं, त्याच्यासमोर दाणा खावा. शेजारी मोठा पक्षी खाताना दिसला तर फारच छान, ते बघून शिकतं.

भरवण्याचा घास कोमट हवा, साधारण ३८ ते ४० अंश सेल्सियस. थर्मामीटरनंच मोजा. फार गरम असेल तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, थंड असेल तर अन्न तिथेच साचून आंबतं. पिल्लू मान हलवून मागत असेल तेव्हाच द्या. जबरदस्तीनं दिलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

पिल्लू खरोखर खायला लागलं की दुपारचं भरवणं ते स्वतःच नाकारू लागतं. ते आधी सोडा, मग सकाळचं, आणि सगळ्यात शेवटी रात्रीचं. रात्रभर उपाशी पोटी झोपवू नका. आता ‘खातंय’ हे ओळखायचं कसं? चुरा सांडला म्हणजे खाल्लं असं नव्हे. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी हलक्या बोटानं चाचपा, त्यात दाणे लागले पाहिजेत. आणि रोज सकाळी, ती पिशवी रिकामी असताना, स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. उडायला लागण्याच्या सुमारास वजन दहाएक टक्के उतरणं स्वाभाविक आहे. ९० ग्रॅमचं पिल्लू ८० वर आलं तर घाबरू नका. त्याच्याही खाली घसरू लागलं, किंवा विष्ठा अगदी थोडी आणि काळपट हिरवी दिसली, तर भरवणं वाढवा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

कधी पूर्ण सुटलेलं पिल्लू नव्या घरात गेलं की पुन्हा मागू लागतं. लोकांना वाटतं, लाडावलं. तसं नाही. दोन-चार दिवस घास द्या, ते आपण होऊन सोडतं.

काही गोष्टी टाळायच्या. दूध-पोळी हा आपल्याकडचा लाडका खाऊ, पण पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही. चहा, चॉकलेट, मीठ, कांदा, अ‍ॅव्होकॅडो आणि कच्चा राजमा नको. मिरची मात्र चालते. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार आपल्याच तालुक्यातला, म्हणून सांगतो. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यानं जाणवतो, ते पक्ष्यांना झोंबतच नाही. माणसाला झोंबतं, उंदराला झोंबतं, पोपट मात्र मजेत खातो. मोठेपणी नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवरही ठेवू नका, चरबी वाढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. ‘लहान घ्या, हातानं भरवा, म्हणजे जास्त माणसाळेल’ असं दुकानात सांगतात. यात विकणाऱ्याचे काही आठवड्यांचे कष्ट वाचतात आणि जोखीम तुमच्या घरी येते. नवख्याच्या हातात अशी पिल्लं मरतात, ती उपासमारीनं किंवा घास चुकीच्या नळीत जाऊन. आई-बापांनीच वाढवलेलं पिल्लू रोज थोडा वेळ प्रेमानं हातात घेतलं तरी माणसाळतं. म्हणून स्वतः खाणारंच पिल्लू घ्या, आणि घेण्यापूर्वी ते खाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि झाडाखाली राघूचं पिल्लू पडलेलं दिसलं तर? ते घरी आणून वाढवायचं नाही. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप टाकत नाहीत. ढोली हाताला येत असेल तर परत ठेवा. जखमी असेल, किंवा ढोली सापडत नसेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात कापडावर ठेवा, ऊब द्या, चोचीत पाणी ओतू नका आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा.

उन्हाळ्यात सकाळी झाडाकडे जरा निवांत बघा. ढोलीतून बाहेर पडलेली, उडणारी राघूची पिल्लं फांदीवर बसून मागतात आणि आई-बाप आणखी काही दिवस त्यांना भरवत राहतात. पंख आले म्हणून घास बंद झाला, असं तिथे होत नाही. एकीकडे पिल्लू फळ कुरतडून बघतं, दुसरीकडे घासही घेतं, आणि एक दिवस मागायचं थांबतं. कोणत्या दिवशी, ते पिल्लू ठरवतं.